बापाची सही

गेल्या रविवारी सकाळी आमच्या गल्लीतले एसटीचे कंडक्टर मुलीला घेऊन घरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत शैक्षणिक कर्जाचा अर्ज, एका खासगी कॉलेजचं गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक आणि मुलीचं बारावीचं गुणपत्रक. ‘दादा, तेवढं एकदा नजरेखालून घाला. उद्या बँकेत सही करायचीय.’

मुलीची मेडिकलची नीट हुकली होती. आता बीएस्सी बायोटेक्नॉलॉजी करायचं, शहरात राहून. फी, हॉस्टेल, मेस, प्रवास धरून तीन वर्षांचे चार लाख. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही आणि स्वतःचा हिस्साही मागत नाही. बापाने सहकर्जदार म्हणून सही केली की काम झालं. कर्ज मिळणं इतकं सोपं असलं की ते फेडणंही सोपंच असेल, असं माणसाला वाटायला लागतं.

चहा होईपर्यंत मी अर्ज वाचला आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. व्याज दहा टक्के धरू. शिक्षणाची तीन वर्षं आणि वर आणखी एक वर्ष हप्ता नाही. याला बँकेत मोरॅटोरियम म्हणतात. कंडक्टरसाहेबांची समजूत अशी की या काळात व्याजही नाही. तसं नाही. हप्ता थांबतो, व्याजाचं मीटर चालूच असतं. दरवर्षी एक लाख तेहतीस हजार उचलले तर चौथ्या वर्षाच्या शेवटी सरळव्याजानेच एक लाख वीस हजार चढतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी चार लाखांचे पाच लाख वीस हजार झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिना ८,६३० रुपये. हप्ता जड जातो म्हणून पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिना ५,५९०. पण मग पंधरा वर्षांत बँकेत जातात दहा लाखांच्या वर. घेतले होते चार.

कंडक्टरसाहेबांनी हिशेबाचा कागद उलटा करून पाहिला, मागे आणखी काही लिहिलंय का म्हणून.

या आकड्यांसमोर कमाईचा आकडा ठेवायला हवा. तो माझ्याकडे आहे, कारण माझ्या सख्ख्या भाच्याचा आहे. त्यानेही बायोटेकच केलं, कर्जही जवळपास एवढंच. माहितीपत्रकात ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ छापलेलं होतं. ते वाचून ‘घ्या, काही हरकत नाही’ असं ताईला सांगणारा मीच. ते मला आजही बोचतं, आणि म्हणूनच हे सदर या आठवड्यात दुसऱ्या कशावर लिहिणं मला जमलं नाही.

भाचा आज एका औषध कारखान्यात आहे, ठेकेदारामार्फत. क्वालिटी कंट्रोलच्या मायक्रोबायोलॉजी विभागात. त्याचं काम मी जवळून ऐकलंय. पांढरा गाऊन, टोपी, मास्क चढवून तो स्वच्छ खोलीत शिरतो, अगार ओतलेल्या काचेच्या बशा ठरलेल्या जागी उघड्या ठेवतो आणि ठरलेल्या वेळाने झाकतो. मग त्या उबवणीच्या कपाटात जातात. बॅक्टेरियासाठी तीस ते पस्तीस अंश, बुरशीसाठी वीस ते पंचवीस. काही दिवसांनी बाहेर काढायच्या, उजेडासमोर धरायच्या आणि वर उगवलेले ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे हवेतून पडलेला एक जीव, वाढून वसाहत झालेला. आकडा रजिस्टरला, खाली सही, वेळ, तारीख. खाडाखोड चालत नाही. हे हलकं काम नाही. सलाइनच्या बाटलीत जंतू नाहीत ही खात्री देशाला अशाच मुलांच्या डोळ्यांनी मिळते.

त्याचा पगार सोळा हजार. पीएफ वगैरे जाऊन हातात चौदा. त्यातून साडेआठ हजारांच्या आसपास हप्ता. उरले साडेपाच हजार, आणि खोली-डबा मिळून खर्च त्याहून जास्त. म्हणून नोकरीला लागलेल्या मुलाला ताई आजही घरून महिन्याला पैसे पाठवते. शेजारी विचारतात, ‘मुलगा काय करतो?’ ती सांगते, ‘कंपनीत आहे.’ हप्त्याचं ती कुणाला सांगत नाही.

आता खरी गोष्ट ऐका. भाच्याच्या बाजूच्याच टेबलावर एक मुलगी बसते. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजातली बीएस्सी, मायक्रोबायोलॉजी. घरून एसटीने जाऊन-येऊन शिकली. तीन वर्षांची सगळी फी बापाने एका दिवाळी बोनसमधून भरली. पगार तोच. बशा त्याच, रजिस्टर तेच, रात्रपाळीही तीच. फरक एवढाच की एक तारखेला भाच्याच्या फोनवर दोन मेसेज येतात, पैसे आल्याचा आणि गेल्याचा. तिला एकच येतो, आणि ती घरी पैसे पाठवते.

कारखान्याने दोघांच्या पदवीवरची पाटी वाचली नाही. त्याला बशा मोजणारे डोळे हवे होते.

अनुदानित आणि विनाअनुदानित हा भेद आपल्याकडे एकाच इमारतीत नांदतो, म्हणून पालकांना तो दिसतच नाही. खालच्या मजल्यावर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र. तिथल्या मंजूर प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी काही हजारांत. वरच्या मजल्यावर बायोटेक्नॉलॉजी, बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. तिथला पगार, रसायनं, यंत्रं, सगळं मुलांच्या फीतून. फी जास्त म्हणजे शिक्षण भारी, हे गणित कपड्याच्या दुकानात कधी कधी खरं ठरतं, कॉलेजात ठरत नाही. वरच्या मजल्यावरचे कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर असतात. खालच्या मजल्यावरही हल्ली बऱ्याच जागा रिकाम्या आहेत आणि प्रात्यक्षिकं उरकली जातात, हे मी लपवणार नाही. त्याबद्दल सरकारशी भांडायलाच हवं. पण उरकलेल्या प्रात्यक्षिकासाठी काही हजार देणं आणि चार लाख देणं यात अंतर आहे.

पाटीची किंमत पुढेही मोजावी लागते, आणि हे पालकांना कुणी सांगत नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती घ्या. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला गेलेल्या मुलांसाठी वर्षाला ८० हजार रुपये. त्यातले ६० हजार थेट मुलाला, २० हजार उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पाला. पात्र विषयांच्या यादीत वनस्पतिशास्त्र आहे, प्राणिशास्त्र आहे, जीवरसायनशास्त्र आहे, मायक्रोबायोलॉजी आहे. बायोटेक्नॉलॉजी नाही. म्हणजे तेच मार्क घेऊन मुलगी खालच्या मजल्यावर गेली तर सरकार तिला पैसे देतं, वरच्या मजल्यावर गेली तर बाप बँकेला देतो.

किंवा यूपीएससीची भारतीय वनसेवा परीक्षा. पात्रतेच्या यादीत विषयांची नावं लिहून दिलेली आहेत. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र आहेत. बायोटेक्नॉलॉजी हे नाव तिथेही नाही. औषध निर्मितीत मान्यताप्राप्त तंत्रज्ञ व्हायचं तर बहुतेक औषधांसाठी औषध नियम विज्ञान पदवीधराला विचारतात ते रसायनशास्त्र हा मुख्य विषय होता का. आमच्या आजीच्या तोंडी एक म्हण होती, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. सोनूबाईचा निदान वाळा स्वतःचा होता. इथे तोही उधारीवर.

जुन्या नावांनी जास्त दारं उघडतात आणि त्यांना कर्ज लागत नाही. हे मी कंडक्टरसाहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘पण दादा, झूलॉजी ऐकायला कसंतरीच वाटतं. पाहुण्यांत काय सांगू?’

मी त्यांच्यावर रागावलो नाही. हा प्रश्न त्यांनी तयार केलेला नाही. २०२४ च्या नीटला देशभरातून २४ लाखांवर मुलांनी नोंदणी केली होती. एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर होत्या. उरलेल्या लाखो मुलांनी दोन वर्षं जीवशास्त्र पाठ केलेलं असतं, त्यातल्या बहुतेकांनी गणित सोडलेलं असतं, घरात डॉक्टर या शब्दाची जागा रिकामी झालेली असते. निकालानंतरच्या पंधरा दिवसांत त्या रिकाम्या जागेत जो शब्द सगळ्यात मोठा दिसेल तो शिरतो. माहितीपत्रकं नेमकी त्याच पंधरवड्यात वाटली जातात. त्या दिवसांत घेतलेला निर्णय हा दुखावलेल्या घराचा निर्णय असतो. दुखावलेल्या माणसाकडून बँकेच्या कागदावर सही घेऊ नये, एवढी माणुसकी व्यवहारात असायला हवी.

सरकारी मदत आहे, पण तिच्या दारावर एक शब्द पहारा देतो: ‘व्यावसायिक’. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांचं मोरॅटोरियममधलं व्याज केंद्र सरकार भरतं, पण तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये ठरावीक गटांतल्या आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांमधल्या मुलींची शंभर टक्के फी माफ केली. निर्णय मोठा, मनापासून स्वागत करावा असा. तोही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साधी बीएस्सी त्या शब्दात बसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात तीन टक्के सवलत आहे, पण कॉलेज निवडक संस्थांच्या यादीत असायला हवं, आणि सवलत वर्षाला एक लाख मुलांपुरती. म्हणजे इंजिनिअर होणाऱ्याचं व्याज देश भरतो. जिचा पहिला पगार इंजिनिअरच्या निम्मा असायची शक्यता जास्त, त्या जीवशास्त्राच्या मुलीला पूर्ण व्याज. हे उलटं आहे. ज्या पदवीची कमाई सुरुवातीला कमी तिचं व्याज आधी भरायला हवं.

आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, असं बँकेतला माणूस हमखास सांगतो. वर्षाला दोन लाखांच्या आत कमावणाऱ्या मुलाला आयकरच लागत नाही, तर वजावट कशातून घेणार?

कंडक्टरसाहेबांनी मग विचारलं तो प्रश्न महत्त्वाचा होता. ‘पण ते शंभर टक्के प्लेसमेंट लिहितात, ते खोटं कसं ओळखायचं?’

ओळखता येतं. केंद्राच्या एनआयआरएफ या कॉलेजांच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला एक तक्ता भरून द्यावा लागतो आणि तो आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तीन वर्षांच्या पदवीला किती मुलं शिरली, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, हे सगळं त्यात असतं. मध्यक म्हणजे पगार लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावले तर बरोबर मधे उभा असलेल्या मुलाचा. एका मुलाला परदेशात मोठी नोकरी लागली म्हणून सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही. माहितीपत्रकावर फोटो त्या एका मुलाचा असतो. रविवारीच आम्ही फोनवर त्या कॉलेजचा तक्ता शोधला. सापडला नाही. जे कॉलेज हा तक्ता दाखवत नाही त्याच्या नावे मी चार लाख तर सोडा, चार हजारही उधार घेणार नाही.

या तक्त्यातही एक मोठी खोट आहे. तीन वर्षांच्या सगळ्या पदव्या एकाच ओळीत. बीए, बीकॉम, बीएस्सी, सगळ्यांची खिचडी. बायोटेकच्या मुलांचं काय झालं ते त्यातून कळत नाही. अमेरिकेत केंद्राचं शिक्षण खातं २०१५ पासून ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ चालवतं, आणि २०१९ पासून त्यात शाखेनुसार आकडे आहेत: अमुक कॉलेजातून जीवशास्त्राची पदवी घेतली तर डोक्यावर मध्यक कर्ज किती आणि पुढे मध्यक कमाई किती. दोन आकडे शेजारी शेजारी. तिथली फी आणि तिथली कर्जं आपल्याला परवडणारी नाहीत, पण हे दोन आकडे शेजारी मांडायला खर्च काय येतो? विद्यापीठाकडे पास झालेल्यांची यादी आहे, पीएफ कार्यालयाकडे पगार आहे, बँकेकडे कर्ज आहे. तिन्ही कागद सरकारच्याच कपाटांत आहेत. ते एका टेबलावर आणायला अडतंय कुठे?

आणि बँकेने मंजुरीपत्रावर एक ओळ लिहावी. ‘तुमचा हप्ता इतका असेल. या शाखेतून पास झालेल्यांचा मध्यक पगार इतका आहे.’ सहीच्या जागेच्या वर, मोठ्या अक्षरात. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापून घेतोच ना आपण?

यावर कुणी म्हणेल, मग जीवशास्त्र शिकूच नये का. शिकावं. आमच्याकडे आलेली ती मुलगी सगळा वेळ गप्प होती. मी विचारलं, ‘तुला नक्की काय आवडतं गं?’ तिने फोन पुढे केला. कढीपत्त्याच्या झाडावरची अळी तिने श्रीखंडाच्या डब्यात वाढवली होती, झाकणाला दाभणाने भोकं पाडून. रोजचा एक फोटो. पहिल्या फोटोत अळी म्हणजे पक्ष्याने शिटलेला ठिपका वाटावा अशी, तपकिरी-पांढरी. ‘म्हणून पक्षी खात नाहीत तिला, काका,’ ती म्हणाली. पुढे हिरवीगार, पानात पान. मग कोष. फोटो मोठा करून तिने दाखवलं: कोष काडीला टेकलेला आणि कमरेभोवती रेशमाचा एकच धागा, झाडावर चढणाऱ्या माणसाने दोर बांधावा तसा. शेवटचा फोटो फुलपाखराचा, पंख अजून ओले.

ही मुलगी बीएस्सी नाही करणार तर कोण करणार? हिच्यासाठीच तर मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. जीवशास्त्राची बीएस्सी हा पाच-सात वर्षांच्या वाटेचा पहिला टप्पा असतो. पुढे एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार. ती थोड्यांनाच मिळते हेही तिला सांगितलं. नाहीतर बीएस्सीनंतर मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, आणि परावैद्यक परिषदेची नोंदणी. नाहीतर शिक्षकी. यातल्या कुठल्याही वाटेवर पैसे लागतात ते दुसऱ्या टप्प्यावर, आपण कुठे चाललोय हे दिसायला लागल्यावर. ज्याने पहिल्याच टप्प्यावर कर्ज काढलं त्याला पास झाल्याबरोबर मिळेल ती नोकरी धरावी लागते. माझ्या भाच्याला एमएस्सी करायची होती. प्रवेशही मिळाला होता. आणखी कर्ज काढायचं त्याच्या जिवावर आलं, वर हप्त्याची तारीख जवळ येत होती. त्याने प्रवेश सोडला. त्याच्या कर्जाचा खरा खर्च व्याजात धरलेला नाही, तो इथे आहे.

नोकरी म्हणजे तरी काय, बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष शिकाऊ उमेदवारीचं. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन ठरवलं महिना ९,००० रुपये. त्याच्यासमोर ८,६३० ठेवून बघा.

ज्यांनी कर्ज आधीच घेतलंय त्यांना एकच विनंती. शिकत असतानाच व्याज भरत राहा. पहिल्या वर्षी ते महिना अकराशेच्या आसपास असतं. मुद्दल चार लाखांवरच राहतं, बँकांच्या आदर्श योजनेत असं भरणाऱ्याला व्याजदरात एक टक्का सूटही आहे, आणि सूट न धरताही हप्ता ८,६३० ऐवजी ६,६४० वर येतो. हप्ता थकू देऊ नका. थकला तर सिबिल मुलाचं बिघडतं आणि सहकर्जदार म्हणून बापाचंही. मग धाकट्याच्या शिक्षणाला किंवा घराच्या दुरुस्तीला बँक दारात उभं करत नाही. अडचण असेल तर हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. जड हाताने का होईना, देतात.

कंडक्टरसाहेब निघताना मुलीला म्हणाले, ‘तुझं तू ठरव बाई, मी सही करायला तयार आहे.’ त्यांचा आवाज ओला झाला होता. मुलीने पिशवी त्यांच्या हातातून आपल्या हातात घेतली.

गुरुवारी तालुक्याच्या कॉलेजची दुसरी यादी लागली. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, अनुदानित तुकडी. तिचं नाव सातवं होतं. शुक्रवारी कंडक्टरसाहेब ड्युटी बदलून फी भरून आले आणि पावती दाखवायला घरी आले. सहा हजार आठशे वीस रुपये. पिशवी तीच होती, आत कर्जाचा अर्जही तसाच होता, सहीची चौकट कोरी. मुलीने त्याच्या पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीने अळीच्या वाढीचा तक्ता आखला होता.